मदत हवी आहे: येझदीचं इंजिन फ्रेममधून सुटेना

मंडळी, वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग मोटरसायकल पुन्हा उभी करायला घेतली आहे. बारा वर्षं गोठ्यामागे पडून होती. दोन्ही सायलेन्सर, कार्ब्युरेटर, चेन, क्लच केबल, वायरिंग सोडवलं (वायरींचे फोटो आधीच काढून ठेवलेत). इंजिन फ्रेमला धरणारे पुढचे बोल्ट सुटले. मागचा आरपार बोल्ट मात्र जाम! नट निघाला, पण बोल्ट जागचा हलत नाही. तीन दिवस डिझेल सोडतोय, कडेनं नुसतं तांबडं पाणी येतं. काल हातोडा मारला तर टोकाचे आटे चेपले, मग गप्प बसलो.

इंजिनचं केसिंग (बाहेरचं कवच) ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गॅसची बत्ती लावायला हात धजत नाही. हीट गननं (गरम हवा फेकणाऱ्या यंत्रानं) भागेल का? की हॅक्सॉ ब्लेड घालून बोल्ट कापूनच टाकू? आणि इंजिन कोणत्या बाजूनं बाहेर काढायचं? मदतीला फक्त धाकटा भाऊ आहे, तोही सल्लेच जास्त देतो.