मदत हवी आहे: मेलचा सेव्ह केलेला पासवर्ड सारखा नाकारला जातोय

करसल्लागार_सातारा
सकाळपासून थंडरबर्डमध्ये (संगणकावरचा मेल प्रोग्रॅम) पासवर्डची खिडकी येतेय. टाकायचा, सेव्हवर टिक करायची, की पुन्हा तीच खिडकी. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे. आज 20 तारीख, जीएसटीचे 3बी रिटर्न भरायचेत आणि पार्ट्यांची बिलं मेलवर अडकलीत. लवकर सांगा.

मुक्काम_पोस्ट
मेल कुठली? जीमेल, याहू की स्वतःच्या डोमेनची? मेल उतरवताना अडतंय की पाठवताना?

करसल्लागार_सातारा
जीमेल. दोन्हीकडे. ब्राउझरमध्ये त्याच पासवर्डने उघडते.

निवांत_काका
15 जीबी भरले असतील. ड्राइव्ह, फोटो आणि मेल मिळून तेवढीच जागा फुकट असते. आधी मोठ्या फाइली उडवा.

मुक्काम_पोस्ट
काका, जागा भरली तर मेल यायची थांबेल, पासवर्ड का नाकारला जाईल?
करसल्लागार, पासवर्ड एवढ्यात बदललात का?

करसल्लागार_सातारा
हो, गेल्या आठवड्यात. ऑफिसातला मुलगा सोडून गेला म्हणून. पण मी नवाच टाकतोय ना! आधी भाच्याने कसलासा 16 अक्षरांचा घालून दिला होता, तोही चालत नाही.

मुक्काम_पोस्ट
हे आधी सांगायला हवं होतं. तो अ‍ॅप पासवर्ड. म्हणजे मेल प्रोग्रॅमसाठी गूगल वेगळा काढून देतं तो. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. आणि मुख्य पासवर्ड थेट मेल प्रोग्रॅमला देणं साध्या खात्यांसाठी 2022 च्या मे अखेरीपासून बंद आहे. म्हणून ब्राउझरमध्ये चालतो, इथे नाही.
सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स इथे जाऊन जीमेलच्या जुन्या नोंदी काढा. मग अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडून ऑथेंटिकेशन मेथड 'ओऑथ2' करा, म्हणजे पासवर्ड थंडरबर्डला न देता गूगलच्याच पानावर लॉगिन होतं. थंडरबर्ड बंद करून उघडा, गूगलची लॉगिन खिडकी येईल.

जुनं_ते_सोनं
कशाला ती भानगड? नवा अ‍ॅप पासवर्ड काढा, झालं. माझं आउटलुक 2010 त्यावरच चालतं.

मुक्काम_पोस्ट
आउटलुक 2010 ला ओऑथ येतच नाही, म्हणून तुम्हाला दुसरा मार्ग नाही. यांना आहे. पुढच्या वेळी पासवर्ड बदलला की अ‍ॅप पासवर्ड पुन्हा उडणार, पुन्हा हाच धागा निघणार.

जुनं_ते_सोनं
रोज कोण बदलतो पासवर्ड? अ‍ॅप पासवर्डचं काम पाच मिनिटांचं आहे. फक्त टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारं लॉगिन) चालू हवं.

सई_पुणे
फोनवरच मेल बघा की सगळे. आता संगणकावर कोण उतरवतं?

करसल्लागार_सातारा
सई, जुन्या वर्षांची बिलं पार्टीवार फोल्डरांत आहेत. नोटीस आली की तीच काढावी लागतात, फोनवर नाही जमत.
मुक्काम, लॉगिनची खिडकी आली पण कुकीज चालू करा म्हणते.

मुक्काम_पोस्ट
त्याच प्रायव्हसीच्या पानावर कुकीज स्वीकारायची टिक आहे, ती करा.

करसल्लागार_सातारा
आल्या मेल! पण पाठवताना अजून नाकारतंय.

मुक्काम_पोस्ट
पाठवायचा सर्व्हर वेगळा असतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे सगळ्यात खाली 'आउटगोइंग सर्व्हर' आहे. जीमेलचा निवडून एडिट करा, तिथेही ओऑथ2.

निवांत_काका
माझं हॉटमेल आहे. मीही हेच करू का?

करसल्लागार_सातारा
गेली मेल. बसतो रिटर्न भरायला. आभार, मुक्काम.