आईचे केसपेपर मिळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडकडचे. गणपतीत आईचं पोट दुखायला लागलं. इथल्या खासगी डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता सोनोग्राफी, सीटी स्कॅन, रक्ताच्या ढीगभर तपासण्या लिहिल्या. वर "उद्या काही झालं तर तुम्हीच केस कराल" म्हणत कोल्हापूरला पाठवलं. करूळ घाटात बिचारी पिशवीत उलट्या करत होती. निघालं काय, तर पित्त!

त्यांची भीतीही कळते हो, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून खासगी डॉक्टर ग्राहक कायद्यात आहेतच. पण केसपेपर मागितले तर महिनाभर "साहेब नाहीत". मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला हवेत ना? कुणी मिळवलेत का? अर्जात काय लिहिलंत? भांडायचं नाहीये, पुढच्या डॉक्टरांना दाखवायचेत.