मदत हवी आहे: कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे लघवीचा त्रास होतो का?

वडील, वय 71, नाशिक. ॲटोरव्हास्टॅटिन 20 मिग्रॅ रोज रात्री. बीपीची गोळी (टेल्मिसार्टन 40 + हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5) तीही रात्री 9 ला. रात्रीतून चारदा उठतात, धार बारीक झालीय. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची म्हणतात. करू द्यावी का?

प्रतिसाद १
ताई, बंद करू देऊ नका. बारीक धारेचं कारण या वयात बहुतेक वेळा वाढलेलं प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) असतं, स्टॅटिन (म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी) नव्हे. ॲटोरव्हास्टॅटिन 80 मिग्रॅ 26 आठवडे देऊन प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) तुलनाही झालीय, लघवीच्या तक्रारींत फरक पडला नाही.

मला खटकतेय ती बीपीची गोळी. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवी वाढवतं. दोन तासांत काम सुरू करतं, चारेक तासांनी जोर सर्वांत जास्त. 9 ला घेतली तर रात्री 1 ला उठणं आलंच! डॉक्टरांना विचारून ती सकाळी न्या.

प्रतिसाद २
त्याआधी तीन दिवस वही ठेवा. मापाच्या प्लास्टिक मगात लघवी करायची, वेळ आणि मिली लिहायचे. झोपल्यानंतरची सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, ही रात्रीची धरा. दिवसभरात 1800 मिली आणि त्यातली रात्रीची 750 आली, तर ती एक तृतीयांशापेक्षा जास्त. म्हणजे रात्री लघवी तयारच जास्त होतेय. मग संध्याकाळी पायांना सूज असते का बघा. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परत येतं. साखरही तपासा.

दर खेपेला जेमतेम 100 मिली येत असेल, तर प्रोस्टेट किंवा मूत्राशयाकडे बघायला हवं. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर 'लघवी केल्यानंतर किती उरते' हे मोजायला आवर्जून लिहून घ्या, नाहीतर भरल्या मूत्राशयाचंच माप घेऊन पाठवतात.

प्रतिसाद ३
आणखी एक, थंडीपुरतं. निफाडचा पारा उतरला की नाशकातही घरोघरी सर्दीच्या गोळ्या निघतात. त्यात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन असतं. पहिल्याने मूत्राशयाचा जोर कमी होतो, दुसऱ्याने मूत्राशयाचं तोंड आवळतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी पूर्ण तुंबू शकते. पोट फुगून थेंबही येत नसेल तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच दवाखान्यात न्या, नळी घालावी लागते.

छातीच्या संसर्गाला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं, तर ॲटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं सांगा. त्याने स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मांड्या-दंड दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र स्टॅटिन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तिथे दुखणं स्नायूंचं असतं, आणि धोका मूत्रपिंडाला.

धागाकर्ती
गोळीसोबत रात्री तांब्याभर पाणी पितात. ॲटोरव्हास्टॅटिनही सकाळी चालेल?

प्रतिसाद १
चालेल. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दोन्ही शरीरात बराच वेळ टिकतात, वेळ रोज एकच ठेवा म्हणजे झालं. सिम्वास्टॅटिन असती तर रात्रीच घ्या म्हटलं असतं. पाणी मात्र संध्याकाळी 7 पर्यंत पुरवून टाका, दिवसाचं कमी करू नका.