शब्दचर्चा: 'लोकलाइज्ड पेज नेम'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: बहुभाषी विकीचं मदतपान मराठीत आणतेय. 'लोकलाइज्ड पेज नेम'साठी 'स्थानिक पृष्ठनाम' लिहिलं, तर सहकारी म्हणाला, "हे गावातलं नाव वाटतंय." 'स्थानिकीकृत' तर जिभेवर बसतच नाही.

उत्तर: त्याचं बरोबर आहे. मराठीत 'स्थानिक' हा शब्द ठिकाणाला चिकटतो, भाषेला नाही. सरळ 'पानाचं मराठी नाव' लिहा. सगळ्याच भाषांबद्दल बोलायचं असेल तर 'त्या त्या भाषेतलं नाव'. लांबलं खरं, पण कुणी अडखळणार नाही. 'स्थानिकीकरण' मात्र प्रक्रियेसाठी रुळलंय, ते राहू द्या.

माझी तक्रार आहे ती 'शीर्षक'बद्दल. पानाच्या माथ्यावर दिसतं तेही शीर्षक आणि ब्राउझरच्या पत्त्यात जातं तेही शीर्षक. आता 'वर्ग' (म्हणजे विकीवरची 'कॅटेगरी') घ्या. व, र, हलन्ताची खूण, ग अशी ४ चिन्हं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट. पत्ता कॉपी केला की एकेका बाइटचे टक्क्याच्या खुणेसकट ३ वर्ण. एवढ्याशा शब्दाची शेपटी ३६ वर्णांची! मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे निव्वळ देवनागरीत ८५ चिन्हं. म्हणून मदतपानात माथ्यावरच्याला 'शीर्षक' आणि दुसऱ्याला 'पत्ता' असं वेगळं म्हणावं.

प्रश्न: आमचा 'वर्ग', हिंदीची 'श्रेणी'. मग भाषांमधली पानं नावावरून जुळवायची कशी?

उत्तर: नावावरून जुळवूच नका. विकिडेटा या सगळ्या भाषांच्या सामायिक माहितीकोशात प्रत्येक विषयाला एक क्रमांक असतो; पृथ्वीचा क्यू२. मराठी-हिंदीत ती पृथ्वी, इंग्रजीत 'अर्थ' (देवनागरीत लिहिलं की भलताच अर्थ!), क्रमांक तोच. पानाचं नाव बदललं तरी त्याला धक्का लागत नाही.

आणखी एक उत्तर: 'दऱ्या'सारख्या नावांना जपा. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्याला फरक कळत नाही, विकीच्या लेखी मात्र ती दोन वेगळी पानं. शोधणाऱ्याला "असं पान नाही" असं उत्तर मिळतं आणि तो बिचारा स्वतःचं शुद्धलेखन तपासत बसतो. एका रूपावर लेख ठेवून दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप त्या लेखाकडे नेणारी सोय) द्या. आणि कृपया 'पुर्ननिर्देशन' लिहू नका. पुनर् अधिक निर्देशन, रफार 'नि'वर.