जर्मन दीडहाती तलवारीची मूठ खुळखुळतेय: पाचर मारू, ठोकून घेऊ की उघडू?

मंडळी नमस्कार,

माझ्याकडे पंधराव्या शतकातल्या जर्मन दीडहाती तलवारीची प्रतिकृती आहे आणि तिची मूठ सैल झालीय. लोहारकाम किंवा हत्यारांची दुरुस्ती जाणणाऱ्या कुणाचा तरी सल्ला हवाय.

एकूण लांबी ११६ सेंमी, पातं ९० सेंमी, वजन दीड किलोच्या आत, बोथट. पातं परजेपाशी, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीपाशी, रुंद, टोकाकडे झपाट्यानं निमुळतं, मधे उंच कणा. तलवारींचे अभ्यासक ओकशॉट यांनी केलेल्या मध्ययुगीन तलवारींच्या वर्गवारीत १५अ हा प्रकार. अंगभर पोलादी चिलखत आल्यावर वार करण्यापेक्षा सांध्यांच्या फटीत खुपसणं महत्त्वाचं झालं, त्या काळातली ही घडण. जर्मनमध्ये हिला आंडर्टहाल्बहेंडर म्हणतात. आंडर्टहाल्ब म्हणजे दीड, त्यामुळे आपला 'दीडहाती' शब्द अगदी चपखल बसतो.

मी जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ राहते. तलवार दोन वर्षांपूर्वी इथल्या एका मध्ययुगीन जत्रेत वापरलेलीच घेतली. टोक निमुळतं असल्यानं जोडीदाराबरोबर खेळत नाही, लिख्टेनाउअर या जुन्या जर्मन तलवारबाजी-गुरूच्या परंपरेतले पवित्रे एकटीच गिरवते. जानेवारीत वरून खाली वार करून थांबले की 'टक्' असा आवाज यायला लागला. आता पातं आडवं धरून मनगटावर तळव्यानं थाप मारली की आडवी परज केसभर सरकलेली बोटाला कळते. पॉमेल, म्हणजे मुठीच्या टोकाचा लोखंडी गोळा, मात्र हलत नाही. त्याच्या शेंड्यावर नट नाही, रिव्हेटसारखं ठोकून पसरवलेलं डोकं आहे. परजेच्या फटीतून तांबूस भुकटी गळते, ती बघून जीव धास्तावतो.

बाबा साताऱ्याहून फोनवर म्हणाले, "अगं, लाख तापवून ओत, पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलोय." पण आपल्या तलवारीचं पातं मुठीत थोडंच जातं आणि लाखेनं धरलेलं असतं. इथं टँग, पात्याचं शेपूट, लाकडी मुठीतून आरपार पॉमेलपर्यंत जातं. लाख ओतली तर आवाज थांबेल, पण आत काय चाललंय ते कायमचं झाकलं जाईल, असं मला वाटतं. इपॉक्सी या चिकटवणाऱ्या रसायनाबद्दलही हीच शंका आहे.

पॉमेलवरचं ते पसरवलेलं डोकं न तापवता, गारच आणखी ठोकावं का? की चामडं काढून आधी आत बघावं?

प्रतिसाद १
ताई, शंका रास्त आहे. हिवाळ्यात हीटरनं हवा कोरडी पडते, मुठीचं लाकूड आकसतं आणि परजेला जागा मिळते. बहुतेक तेच झालंय. पण भुकटी म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. तेव्हा तपासून होईपर्यंत तलवार फिरवू नका. चामड्याची शिवण उसवा आणि परजेपाशी टँगच्या खांद्याला चीर आहे का ते भिंगानं बघा. टँगला चीर असेल तर कुठलीच पाचर कामाची नाही.

चीर नसेल तर पात्याच्या बाजूनं परजेच्या फटीत पितळी पत्र्याची बारीक पाचर बसवा. मग पातं लाकडी पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये उभं आवळा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं पॉमेलवरचं डोकं हलके हलके ठोका. पाते कधीही तापवू नका, पोलादाला दिलेलं पाणी (कडकपणा) उतरेल.

धागाकर्ती
मनापासून आभार. काल रात्री शिवण उसवली. लाकडाला बोटभर लांबीची फट पडलीय, टँगवर गंजाचा पातळ थर आहे. तो तेल लावून पुसला, भिंगातून चीर काही दिसली नाही. इथं तलवार उघड्यावर नेता येत नाही, म्हणून शनिवारी कुलूपबंद पेटीतून एका लोहाराकडे नेतेय. पितळी पत्रा किती जाडीचा घेऊ? फट नखाएवढीच आहे.

प्रतिसाद १
अर्धा मिलिमीटर. आधी कागद घालून फटीचा अंदाज घ्या. लाकडाची फट मात्र आताच बुजवू नका, लोहाराला उघडीच दाखवा.