मदत हवी आहे : धडगावकडच्या पाड्यावर इन्सुलिन कसं टिकवायचं?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. मी ६४ वर्षांची, मिस्टर ६९. अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) मंडळीच्या सेवेसाठी दीड वर्षाकरिता सातपुड्यात, धडगावजवळच्या पाड्यावर आलोय. हे मुलांना वाचायला शिकवतात, मी बायकांसोबत प्रार्थनेला बसते. त्या पावरी बोलतात, मला निम्मंच कळतं. तरी परवा एकीने पदराखालून अंबाडीची जुडी काढून माझ्या हातात ठेवली, तेव्हा भाषा लागलीच नाही.

अडचण मिस्टरांच्या इन्सुलिनची आहे. उघडलेली कुपी ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालते, पण न उघडलेल्यांना २ ते ८ अंश लागतात आणि इथे वीज दोन-दोन दिवस नसते. सध्या डबीत कुपी घालून ती मडक्यात ठेवते, बाहेरून ओलं गोणपाट. चालू कुपीचं त्यावर भागतंय, पण एप्रिल-मेची धास्ती वाटते.

बाकीचा साठा आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये कुणी ठेवून घेतला आहे का? सौरऊर्जेवरचा छोटा फ्रिज वापरलाय का, पावसाळ्यात तो चालतो का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. हे म्हणतात परत जायला नको, आणि मलाही जायचं नाही.