अनुभव धागा: आपल्या विश्वासावर कुणी तोंडावर बोललं तर तुम्ही काय करता?

कॅम्पातली पोर
काल आरपीडी क्रॉसला रिक्षात लेकीच्या गळ्यातला क्रूस बघून एकजण म्हणाला, किती पोती तांदूळ मिळाले ओ तुमास्नी? म्हणजे तांदळासाठी धर्म बदलला असा टोमणा. मी गप्प. घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं आणि अण्णा आठवले. डिसेंबर २०२१, इथंच बेळगावच्या सुवर्णसौधात धर्मांतरबंदीचं बिल कर्नाटक विधानसभेत पास झालं तो महिना. घरात बुधवारची प्रार्थना, आठदहा पोरं दारात, आरडाओरडा, ढोलकी फोडली. त्यातला एक अण्णांच्या हाताखाली शिकलेला. अण्णा म्हणाले ये की आत, आई नुसती बघत राहिली आणि मग चहाच टाकला! तो कप हातात धरून उभा, प्यायला नाही, चहावर ही जाड साय. ते गेल्यावर आईने तोच चहा गरम करून आम्हाला पाजला, वाया का घालवायचा म्हणे.
मी तेव्हा अण्णांवर चिडले होते. ते म्हणाले शोमरोनी गावाने येशूला घेतलं नाही तेव्हा त्याचे शिष्य याकोब-योहान आकाशातून अग्नी पाडू का म्हणाले होते, तर येशूने त्या दोघांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. तुमचे अनुभव लिहा.

निपाणीचा दादा
चहा ठीक आहे ताई पण ढोलकीचं काय? तक्रार दिली का? बायबलमधल्या प्रेषित पौलाला फिलिप्पै शहरात फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी गुपचूप जा म्हणाले तर तो म्हणाला आम्ही रोमी माणसं, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. नम्र राहायचं म्हणजे हक्क सोडायचे असं कुठं लिहिलंय. आम्ही मोबाईलवर रेकॉर्डिंग, वकिलाचा नंबर, सगळं तयार ठेवतो.

कॅम्पातली पोर
नाही दिली ओ दादा. अण्णा नको म्हणाले. ते मला अजून पटलेलं नाही.

खानापूरची मावशी
मोबाईलवर टाईप करतेय चुकलं तर सांभाळून घ्या भाकरी तव्यावर आहे. माझा मावसभाऊ ग्रुपवर काहीबाही टाकायचा मी रात्री दीडला वचनांवर वचनं ठोकली तीसेक मेसेज असतील, सौम्यतेने उत्तर द्या हे पेत्राचं वचन पण त्यातच होतं 😂 तीन वर्षं बोलणं बंद. मावशी वारली तेव्हा मातीला भेटला, काय बोलायचं सुचेना, म्हणाला जेवलीस का. एवढंच.

चिकोडीकर
मी हिंदू आहे, चालेल ना इथं? आमच्या गल्लीतले ख्रिस्ती काका नाताळला करंज्या पाठवतात, गणपतीला आरतीला येत नाहीत. आधी राग यायचा. एकदा सरळ विचारलं, त्यांनी ओट्यावर बसवून सरळ सांगितलं. मला वाटतं माणसं विचारतच नाहीत.

वडगावचा वाचक
आपल्या बेळगावचेच बाबा पदमनजी, ख्रिस्ती झालेले मराठी लेखक, जन्म १८३१, बाप्तिस्मा १८५४. त्यांना पहिला विरोध घरातूनच झाला. रिक्षातला माणूस उतरून जातो, घरचा रोज ताटावर समोर असतो. आमच्या बायकोच्या माहेरी मी अजून 'तो' आहे.

खानापूरची मावशी
माझी भाकरी करपली

निपाणीचा दादा
@चिकोडीकर करंज्या ओल्या नारळाच्या की सुक्या?

चिकोडीकर
सुक्या. खसखस घालून. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आई चकली भरते.

कॅम्पातली पोर
लेक विचारतेय क्रूस शर्टच्या आत घालू का. मी म्हटलं तुझं तू ठरव. आज बाहेर घालूनच गेली क्लासला, आठ वाजले, अजून आली नाही, बघते गेटपर्यंत जाऊन.